जास्तीचं वजन

महाळुंगे पडवळ सोडून कालव्याच्या कडेने पुढे गेलं की एक वाडी लागते. तिथल्या भैरवनाथाच्या शिखरावरचा कळस दोन पावसाळ्यांपासून कलला होता. आधी ते कुणाच्या लक्षात आलं नाही, लक्षात आल्यावर कुणी बोललं नाही, आणि एक दिवस शिखराच्या चुन्याची ताटाएवढी खपली सभामंडपाच्या पत्र्यावर येऊन आदळली तेव्हा गाव जागं झालं. यात्रेच्या आत जुना कळस उतरवायचा आणि नवा चढवायचा असं ठरलं. पुण्याला नोकरीला असलेल्या पोरांनी नवा कळस आणूनही दिला. तो लाल कापडात गुंडाळून गाभाऱ्यात ठेवला होता.

सगळं एकमताने ठरलं, असं म्हणायचं. देवस्थान कमिटीतले सगळ्यांत वयस्कर गेणभाऊ त्या बैठकीत हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. जुना कळस त्यांच्या आजोबांनी वाहिलेला. त्यावर आजोबांचं नाव कोरलेलं आहे असं सगळे सांगायचे, पण तेवढ्या उंचीवर जाऊन ते वाचलं कुणीच नव्हतं.

प्रश्न वर जायचं कसं याचा होता. परांची बांधावी तर बांबू टेकवायचे कुठे? शिखराचा चुना नुसता हात लागला तरी सुटत होता. मग कमिटीतल्या कुणालातरी मंचरला पाहिलेलं मशीन आठवलं. लांब लोखंडी हात, त्याच्या टोकाला पिंजरा, आणि त्या पिंजऱ्यात उभी राहून मशीन चालवणारी एक बाई.

ती वैजयंती. राहायला पिंपरी पेंढारला. नवरा नारायणगावच्या मार्केटात टोमॅटोच्या गाळ्यावर, आणि ती सहा वर्षं चाकणच्या एका गोदामात माल वर चढवणाऱ्या लिफ्टवर. ते गोदाम बंद पडलं तेव्हा तिने आणि तिचा धाकटा भाऊ भरत याने मिळून जुनी बूम लिफ्ट घेतली. ट्रेलर भरत चालवायचा, जमिनीवरची बाजू तो बघायचा, आणि वर वैजयंती जायची. शेडचे पत्रे, रस्त्यावरचे दिवे, जाहिरातींचे बोर्ड, अशी कामं जुन्नर-आंबेगावात मिळत होती. लोक मशीनला पाळणा म्हणायचे. सुरुवातीला ती नाव दुरुस्त करायची, पुढे तीही पाळणाच म्हणू लागली.

देवळाचं काम आलं तेव्हा तिने फोनवर एवढंच विचारलं होतं की कळस किती वजनाचा आहे. तांब्याचा आहे, आतून पोकळ, दोन पोरं सहज उचलतील, असं उत्तर आलं. ती तेच धरून चालली.

ठरल्या दिवशी सकाळी ट्रेलर देवळासमोर उभा राहिला तेव्हा पटांगण भरलेलं होतं. बायका आरतीची ताटं घेऊन आल्या होत्या, सनईवाला पारावर बसून सनईच्या तोंडाची पीपी ओली करत होता. वैजयंतीने मशीन ट्रेलरवरून खाली घेतलं आणि चावी फिरवली. चावी फिरवली की पॅनेलवरचे सगळे दिवे क्षणभर एकदम लागतात आणि मग विझतात. ते सगळे लागले का, हे ती रोज बघायची. जळत राहणाऱ्या दिव्याची तिला भीती वाटत नसे. जो लागतच नाही त्याची वाटायची, कारण वेळ आली तर तो काही सांगणार नाही. त्या दिवशी सगळे लागले आणि सगळे विझले.

पण मशीन देवळाजवळ नेलं आणि पिवळा दिवा पेटला. पटांगणाला पाण्यासाठी उतार काढलेला होता आणि मशीन एका अंगाला झुकलं होतं. डोळ्यांना ते दिसत नव्हतं. कमिटीतल्या एकाने वाकून बघितलं आणि सरळच तर आहे म्हणाला. वैजयंतीने मशीन मागे घेतलं, भरतने दीपमाळेच्या बाजूची सपाट जागा शोधली, चाकांखाली फळ्या टाकल्या, आणि पिवळा दिवा गेला. यात बराच वेळ गेला. ऊन चढलं. सनईवाल्याने एकदा सुरू केलेलं थांबवलं. मुहूर्त टळतोय अशी कुजबुज झाली, आणि बाईमाणूस म्हणून हिला वेळ लागतोय असंही कुणीतरी म्हणालं. तिने ते ऐकलं. असं ती बऱ्याच ठिकाणी ऐकत आली होती.

बास्केटमध्ये, म्हणजे टोकाच्या पिंजऱ्यात, ती आणि गवंडी बहिरू अशा दोघांनीच जायचं ठरलं होतं. बहिरू अंगाने भरलेला, हाताचा चांगला, कळसाच्या बुडाचा चुना तोच फोडणार होता. दोघं बेल्ट बांधत असताना गुरव पुढे आला. कुंडलिकबाबा त्याचं नाव. सत्तरी कधीच ओलांडलेली, अंगावर मांस असं नाहीच. पन्नास वर्षं त्याने या देवाचा दिवा लावला होता. हातात हळद-कुंकवाचं तबक होतं. कळसाला हात लावायच्या आधी त्याची पूजा व्हायला पाहिजे आणि ती गुरवानेच करायला पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं. खालून केली तर चालत नाही का, असं वैजयंतीने विचारलं. तो म्हणाला, चालत नाही.

तिने मनाशी हिशोब केला. म्हातारा म्हणजे चिपाड. आपण, बहिरू, हा, आणि पोकळ कळस. बसतं. कमिटीचे लोक बघत होते, मुहूर्ताची घाई होती, आणि पिवळ्या दिव्यापायी तिने आधीच सगळ्यांना खोळंबून ठेवलं होतं. तिने तिसरा बेल्ट काढला आणि म्हाताऱ्याला बांधला.

पाळणा वर निघाला तेव्हा सनई सुरू झाली, बायकांनी हात जोडले. कुंडलिकबाबाने एका हाताने कठडा धरला होता आणि दुसऱ्या हाताने तबक छातीशी. जन्मभर ज्या शिखराच्या सावलीत तो बसला होता ते त्याने जवळून कधी पाहिलं नव्हतं. कोनाड्यातल्या चुन्याच्या मूर्तींचे चेहरे झिजून गेले होते, एका कोनाड्यात पारव्याने घर केलं होतं.  वर पोचल्यावर त्याने कळसाला हळद-कुंकू वाहिलं, फूल ठेवलं, ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं आणि बहिरूला खूण केली.

बहिरूने छन्नी लावली. चुना भुसभुशीत होता, फार ठोकावं लागलं नाही. बुडाभोवतीचा सगळा भराव निघाला तेव्हा कळस उघड उघड हलायला लागला. आता तो कलता करून आधी बास्केटच्या कठड्यावर टेकवायचा आणि मग आत घ्यायचा. कठड्यावर गोणपाट घातलं होतं, कळसाच्या गळ्याला दोर बांधला होता. बहिरूने दोर ओढला, कुंडलिकबाबाने हात लावला. कळस कलला, कठड्यावर आला, आणि त्याच क्षणी बझर वाजायला लागला. पॅनेलवरचा लाल दिवा लागला होता.

जे दाबल्याशिवाय मशीन हलत नाही त्या पेडलवर वैजयंतीचा पाय होताच, पण पेडलचा हिरवा दिवा विझला होता. तिने लिव्हर हलवून पाहिला. मशीन जागचं हललं नाही.

बहिरूने काय झालं म्हणून विचारलं. वजन जास्त झालं, ती म्हणाली. त्याला ते पटेना, कळस तर अजून पुरता आत आला नव्हता. पण दोर त्याच्याच हातात होता आणि हाताला लागणारा भार त्याला कळत होता. हा पोकळ नाही, तो म्हणाला. आत काहीतरी भरलंय.

खाली बझर ऐकू जात होता. सनई थांबली. भरतचा फोन आला. खालच्या पॅनेलवरही लाल दिवा आला होता.

"ताई, इमर्जन्सीनं खाली घेऊ का?" त्याने विचारलं.

"नको. कशाला हात लावू नकोस," ती म्हणाली.

खालच्या पॅनेलवरच्या इमर्जन्सीच्या बटणाने मशीन खाली आलं असतं. पण वर उचललेला लोखंडी हात खाली येताना सरळ खाली येत नाही, आधी बाहेरच्या अंगाला जातो. जेवढा तो बाहेर जातो तेवढं मशीन त्या बाजूला ओढलं जातं. भार बेताचा असताना त्याची फिकीर नसते. भार जास्त असताना आणि खाली पटांगण माणसांनी भरलेलं असताना तिला ते करायचं नव्हतं. चाकणला शिकताना असं उलटलेलं एक मशीन तिने पाहिलं होतं. त्यात कुणी नव्हतं, पण शेजारची भिंत राहिली नव्हती.

"कळस मागं लोटा. होता तिथं उभा करा," तिने सांगितलं.

बहिरू तिच्याकडे बघत राहिला. "उभा करायचा कशावर? चुना तर सगळा काढलाय."

"आपल्याला खाली जायपुरता उभा राहू दे."

दोघांनी कळस मागे लोटला. तो डगमगला, मग बसला. लाल दिवा विझला, बझर थांबला, पेडलचा हिरवा दिवा लागला. बहिरूने कळसाच्या गळ्याचा दोर शिखरावरच्या एका मूर्तीच्या कमरेला गुंडाळला. त्या दोराने काही धरून राहणार नाही हे दोघांनाही माहीत होतं. कुंडलिकबाबा कळसाच्या बुडाकडे बघत होता. वारा आला की बूड आणि शिखर यांच्यामधली फट उघडत होती आणि मिटत होती.

वैजयंतीचा विचार सरळ होता. खाली जायचं, म्हाताऱ्याला उतरवायचं, बहिरूला घेऊन परत वर यायचं आणि कळस आणायचा. पण बास्केट जमिनीला लागली तेव्हा पटांगणातली हवा बदललेली होती. कळस परत जागेवर उभा राहिला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या, कुणी चांगभलं म्हटलं होतं. गेणभाऊ नारळ घेऊन पाळण्यापाशी उभे होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

ते शांतपणे म्हणाले, "देवाला उतरायचं न्हाई. समद्यांनी डोळ्यानं बघितलं. आता कुणी वर जायचं न्हाई."

वैजयंतीने वजनाचं सांगितलं. कळस पोकळ नाही, त्यामुळे भार वाढला, दिवा त्याचाच होता. गेणभाऊंनी ऐकून घेतलं. ते भांडणारे गृहस्थ नव्हते. त्यांनी तिला विचारलं, तुम्ही तिघं वर गेलात तेव्हा दिवा लागला होता का? ती नाही म्हणाली. कळस जागचा हलवला तेव्हा लागला? हो. आणि मागे ठेवल्यावर गेला? हो. मग मी तरी वेगळं काय म्हणतोय, ते म्हणाले.  जे घडलं ते दोघांनाही मान्य होतं, अर्थ तेवढा वेगळा होता.

मागून कुणीतरी म्हणालं, बाई देवाच्या डोक्यावर गेली तेव्हाच असं काहीतरी होणार हे दिसत होतं. कुणी त्याला गप्प केलं नाही. पुण्याची पोरं एकमेकांकडे बघत होती. कमिटीच्या लोकांनी विषय यात्रेनंतर बघू म्हणून पुढे ढकलला. भरत रागावून मशीनची चावी काढायला निघाला. आपलं काम नाही, चल, तो म्हणाला.

तिलाही जायचं होतं. पण सभामंडपाच्या दारात बायका परत बसायला लागल्या होत्या, आणि त्यांच्या थेट डोक्यावर तो कळस होता. यात्रेला याच जागी पाय ठेवायला जागा नसणार. तिने बहिरूला सांगायला लावलं. चुना निघालाय, कळस मोकळा उभा आहे, असं बहिरूने सांगितलं. पण तो परगावचा गवंडी, आणि अर्धं काम टाकून जाणाऱ्या गवंड्याचं बोलणं कोण धरतो. देवाने परत बसवलाय तर देव धरील, असं त्याला उत्तर मिळालं.

कुंडलिकबाबा दीपमाळेच्या चौथऱ्यावर जाऊन बसला होता. कुणीतरी दिलेला पाण्याचा तांब्या तसाच मांडीवर होता. वर गेलेल्या तिघांपैकी गावाचं माणूस तो एकटाच, आणि वरून आल्यापासून तो बोललेला नव्हता. बोलण्याची त्याला सवयही नव्हती. बैठकीत त्याला कुणी विचारत नसे आणि तो कुणाला सांगत नसे. कुठलाही वाद झाला तरी दोन्ही बाजूंच्या घरून शिधा येतो, गुरवाने कशाला कुणाच्या मधे पडावं. वैजयंती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"पोरी, तुझा दिवा खरा बोलतो का गं?" त्याने विचारलं.

"बाबा, त्याला बोलता येत नाही. तो फक्त वजन मोजतो."

"मंग म्या वर आलो नसतो तर?"

 हो म्हणावं तर म्हाताऱ्याच्या माथी दोष येत होता, नाही म्हणावं तर खोटं होतं. "तर बहुतेक लागला नसता," ती म्हणाली. "पण चूक माझी. मी दोघांचंच ठरवलं होतं. तुम्हाला घ्यायला नको होतं मी."

तो तांब्यातलं पाणी प्यायला, तांब्या खाली ठेवला. मग उठून पटांगणाच्या मधोमध गेला. गेणभाऊंसमोर जाऊन त्याने हात जोडले, आणि त्याचा आवाज नेहमीसारखा बारीकच होता म्हणून लोकांना गप्प व्हावं लागलं.

"देवाचं काय म्हणणं हाय ते मला ठाव न्हाई," तो म्हणाला. "पन्नास वर्सं झाली, मला त्यानं कधी सांगितलं न्हाई. पण पाळण्यात जास्तीचा मी व्हतो. दोघांनीच जायाचं ठरलं व्हतं, म्या हट्टानं गेलो. आन् कळस सुटलाय, त्यो म्या या हातानं हलताना बघितलाय. खाली लेकरं बसत्यात. त्यो पडला तर मी कुणाच्या दारात जाऊ?"

  गेणभाऊ आणि तो एकाच वयाचे, एकाच पटांगणात लहानाचे मोठे झालेले. कललेला का होईना, तो कळस आपल्या डोळ्यांदेखत उतरू नये असं गेणभाऊंना वाटत होतं, पण तो कुणाच्या डोक्यावर पडावा असं वाटत नव्हतं. शेवटी त्यांनी हातातला नारळ भरतकडे दिला आणि मशीनपुढे फोडायला सांगितलं.

वैजयंतीने आधी सभामंडप मोकळा करायला लावला, बायकांना पार कालव्याच्या पुलापर्यंत मागे घालवलं, आणि मग ती आणि बहिरू वर गेले. या वेळी बहिरूने हत्यारांची पिशवीही खाली ठेवली, फक्त दोर घेतला. कळस कठड्यावर आला तेव्हा तिची नजर पॅनेलवर होती. दिवा लागला नाही. कळस आत आला तरी लागला नाही. तरीही खाली पोचेपर्यंत तिने लिव्हर इतका हळू चालवला की भरतने दोनदा फोन करून सगळं ठीक आहे का म्हणून विचारलं.

कळस चटईवर ठेवला आणि चौघांनी कलता करून बघितला. तांब्याच्या पत्र्याच्या आत तळापासून गळ्यापर्यंत विटेचे तुकडे आणि चुना ठासून भरलेला होता. त्या काळी वाऱ्याने हलू नये म्हणून भरला असणार, बहिरू म्हणाला. गेणभाऊंनी उपरण्याने कडेवरची काजळी पुसली. नाव होतं. अक्षरं झिजली होती, पण बोटाला लागत होती. त्यांनी ते बोटाने वाचलं, दोनदा वाचलं, आणि मग नवा कळस चढवायला आपणहून परवानगी दिली. जुना गाभाऱ्याच्या उजव्या हाताला ठेवायचा एवढंच त्यांनी मागितलं, त्याला कुणाची ना नव्हती.

नवा कळस हलका होता. दुपार कलायच्या आत तो बसला.

यात्रेला वैजयंतीला बोलावणं आलं. ती आणि नवरा दोघं गेले. खण-नारळाने तिची ओटी भरली, पंगतीत पुढे बसवलं. पंगतीत शेजारी बसलेल्या एका पाव्हण्या बाईने तिला ओळखलं नाही आणि कळसाची गोष्ट सांगितली. तिघं पाळण्यात बसून वर गेले तर देवाने लाल दिवा दाखवला. गुरवाच्या हातून काहीतरी चुकलं असेल, म्हणून देवाने त्याला उतरवायला लावलं, आणि तो उतरला तसा कळस फुलासारखा खाली आला. आता बाबा गाभाऱ्यात जात नाही, बाई म्हणाली. पूजा त्याचा पुतण्या करतो.

वैजयंती जेवण तसंच ठेवून उठली. कुंडलिकबाबा मंडपाच्या बाहेर, चपला काढतात तिथे बसला होता. तिने त्याला विचारलं की हे असं कसं झालं, तुम्ही तर वजनाचं सांगितलं होतं. तो म्हणाला, त्याने सांगितलं होतं जास्तीचा मी होतो, आणि लोकांनी ते तसंच घेतलं. आधी एक-दोघांनी विचारलं, मग पुतण्याने एका सकाळी त्याच्या आधी जाऊन दिवा लावला, आणि मग ते तसंच चालू राहिलं. ती म्हणाली, मी आत्ता जाऊन गेणभाऊंना सांगते. कमिटीला सांगते.

"काय सांगशील?" त्याने विचारलं. "मी नसतो तर दिवा लागला नसता, हेच ना? त्ये तर ते बी म्हणत्यात."

ती त्याच्या शेजारी बसली. आत आरतीची घंटा सुरू झाली. आरती कोण करतोय हे दिसत नव्हतं, पण घंटेचा ठेका चुकत होता, आणि म्हातारा आपल्या गुडघ्यावर बोटाने बरोबर ठेका धरत होता. मग नवरा तिला शोधत आला. दुसऱ्या दिवशी सकाळी डिंभ्याला शाळेच्या पत्र्यांचं काम होतं आणि घरी मशीन अजून ट्रेलरवर चढवायचं होतं. तिने म्हाताऱ्याच्या पायांना हात लावला आणि निघाली.